घरचा पाटकरी



या सदरात आपण दर आठवड्याला बी-बियाणे, खते, रोग आणि किडी यांच्या गोष्टी करतो. आजही त्या करणार आहोत, पण शेवटी. आधी एका पत्राला उत्तर द्यायचे आहे. ते पत्र पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे आणि त्याच्याकडे बघितले की मला स्वतःचीच एक जुनी चूक आठवते.

पत्र इंदापूर तालुक्यातल्या, कालव्याच्या टोकाकडच्या एका गावातून आले आहे. लिहिणाऱ्या ताईंचे कुटुंब ख्रिस्ती. चार एकर जमीन, एक विहीर, आणि कालव्याची पाळी आली तर आली. यंदा त्यांच्या मालकांच्या मनात चारही एकर ऊस लावायचा आहे आणि त्यासाठी सोसायटीचे कर्ज उचलायचे आहे. ताईंचे म्हणणे असे की एक एकर ज्वारीला आणि अर्धा एकर घासाला ठेवा. घरात दोन म्हशी आहेत, दोन मुले शाळेत आहेत. या गोष्टीवरून नवरा-बायकोचे बोलणे बंद आहे. पुढे त्या लिहितात, "ते म्हणतात, पवित्र शास्त्रात नवरा घराचे मस्तक आहे, तेव्हा तू गप्प बस. दादा, तुम्ही शेतीचे शिकलेले आणि आमच्याच विश्वासातले. तुम्ही सांगा, गप्प बसणे म्हणजेच आज्ञापालन का?"

आमचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत. त्यांनी पान उलटू नये अशी विनंती आहे. ग्रंथ निरनिराळे असतील, पण "घरात माझा शब्द शेवटचा" हे वाक्य मी बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत सगळ्या जातिधर्मांच्या ओट्यांवर ऐकले आहे. आणि स्वतःही ते बोललो आहे.

तेच आधी सांगतो.

साल २००३. त्या दुष्काळात आमच्या गावाकडच्या विहिरीने तळ गाठला. वडिलार्जित अडीच एकर. मी नोकरीनिमित्त इकडे, पण शेतीचा जीव सुटत नव्हता. बोअर घ्यायचे मी ठरवले. आमच्या सौ. म्हणाल्या, "शेजारच्या तीन बोअरमधून नुसता फुफाटा निघालाय. यंदा थांबा." त्या सातवी शिकलेल्या आणि मी बी.एस्सी. ॲग्री. दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन सल्ला द्यायचा माझा धंदा, पण घरात सल्ला ऐकून घ्यायची सवय नव्हती. मी म्हणालो, "हे माझ्यावर सोड." घरात पैसे नव्हते, म्हणून तिला न सांगता कर्ज काढले आणि बोअर मारले. तीनशे फुटांपर्यंत पांढरी धूळ उडाली. ओलाव्याचा पत्ता नव्हता.

पाणी लागले नाही याला पाप म्हणत नाही. जमिनीच्या पोटातले कोणाला दिसते? पाप पुढे झाले. कर्जाची गोष्ट मी चार महिने लपवली. पगारातून हप्ता जाऊ लागला. मुलीच्या फीची तारीख आली तेव्हा मी खोटे कारण सांगितले. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना होई आणि ती मीच चालवी. डोळे मिटून मोठ्याने बोलायचो, आणि डोळे उघडले की बायकोच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. अखेर एका रात्री सगळे सांगितले. मला वाटले, आता भांडण होईल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तर नुकसान दोघांचं झालं असतं. आता ते एकट्या तुमचं झालंय, म्हणून तुम्ही चार महिने घरात कुणाशी धड बोलत नाही." एवढेच. दुसऱ्या दिवशी तिने वही काढली, आणि हप्ता कुठून भागवायचा ते दोघांनी मिळून मांडले.

त्या रात्रीनंतर मी मस्तक या शब्दाचा अर्थ नव्याने शोधू लागलो.

पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात हा शब्द आहे, हे खरे. पत्नीने पतीच्या अधीन असावे असेही तिथे आहे. आमच्यातले पुष्कळ पुरुष तेवढेच पाठ करतात. पण त्याच्या आधी काय आहे? सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे आहे. आणि नंतर काय आहे? पत्नीला सांगितले आहे त्याहून किती तरी जास्त पतीला सांगितले आहे. ख्रिस्ताने मंडळीवर जशी प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिले, तशी त्याने पत्नीवर करावी, असे ते मागणे आहे. पुढे बापांनाही बजावले आहे की मुलांना चिडीस आणू नका. म्हणजे शास्त्राने नवऱ्याच्या हातात चाबूक दिलेला नाही, त्याच्या खांद्यावर ओझे ठेवले आहे. बायकोच्या वाट्याचा भाग नवऱ्याने तिला वाचून दाखवावा असे कोठेही म्हटलेले नाही. ज्याने त्याने आपापला भाग पाळायचा आहे.

शुभवर्तमानात कफर्णहूमच्या एका शताधिपतीची गोष्ट आहे. शंभर शिपायांवरचा हा रोमी अधिकारी. त्याचा चाकर आजारी पडला तेव्हा त्याने येशूला विनंती केली की माझ्या घरी येण्याची गरज नाही, आपण शब्द बोला म्हणजे पुरे. कारण काय दिले? मी स्वतः दुसऱ्याच्या हुकमाखाली आहे, म्हणून माझे शिपाई माझे ऐकतात. या माणसाच्या विश्वासाचे येशूला आश्चर्य वाटले. अधिकार कोठून येतो ते त्याला कळले होते. वरचे ऐकणाऱ्यालाच खालच्याला सांगता येते. आणि तो आला होता तो स्वतःसाठी नव्हे, आपल्या चाकरासाठी.

आता हे आपल्या भाषेत सांगतो.

वीरपासून निघालेला नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती करीत आपल्या इंदापुरात येऊन संपतो. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने तो काढला. या कालव्यावर पाणी वाटणारा पाटकरी आपण सगळे ओळखतो. मी नोकरीत नवा असताना एक वयस्कर पाटकरी भेटला. मी त्याला गमतीने म्हणालो, "तुम्ही तर या चारीचे राजेच." तो म्हणाला, "नाही साहेब. पाणी सरकारचं, रान लोकांचं. माझ्या हातात फक्त दार." मग त्याने धंद्यातली खुबी सांगितली. वरच्या रानाला आधी पाणी दिले तर काम सोपे, लोक खूश, चहा मिळतो. पण टोकाचे रान वाळते. म्हणून नियम असा की आधी टोकाला पाणी पोहोचवायचे आणि मग वर वर यायचे. "टेल टू हेड" असे साहेब लोक त्याला म्हणतात. नियम चांगला आहे, पण तो पाळताना तोंडाशी असणाऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात.

घरातला कर्ता पुरुष हा असाच पाटकरी आहे, असे मला वाटते. घरात येणारे पाणी त्याचे नाही. जमीन, आरोग्य, बायको, मुले हे सगळे वरून आलेले आहे आणि त्याचा हिशेब वर द्यायचा आहे. हातात फक्त दार आहे. मग आधी कोणाचे रान भिजवायचे? कालव्याच्या तोंडाशी तो स्वतःच उभा असतो. त्याची हौस, त्याची इभ्रत, पारावरच्या चार माणसांत दाखवायचे उसाचे टनेज. टोकाला असतात बायको, मुले, म्हातारी आई आणि दावणीची जनावरे. दार उघडताना टोकाकडे बघायचे, हे त्याचे आज्ञापालन. आणि स्वतःचे रान थोडे थांबले तरी देव ते जाळणार नाही, हा भरवसा म्हणजे त्याचा विश्वास. मी २००३ साली माझे तोंडाशी असलेले रान भिजवायला गेलो, आणि टोकाला असलेल्या मुलीची फी वाळली.

प्रभू येशूचा सांभाळ ज्याने केला त्या योसेफाकडे बघा. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. स्वप्नात सूचना झाली की तो उठतो. मरीयेला घरात घेतो. रातोरात बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशाची वाट धरतो. कोणाला हुकूम सोडल्याचे दिसत नाही. ऐकतो तोच आणि चालतोही तोच. घराचा कर्ता म्हणून देवाने जो माणूस निवडला, तो हा असा.

कोणी म्हणेल, या गोष्टी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आणि परमुलखातल्या. तर आपल्याच महाराष्ट्रातला एक संसार घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोची संमती नव्हती. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर केवढे आभाळ कोसळले असेल, याची कल्पना करा. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. लहान मुलाला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. त्यांतले काही दिवस आपल्या शेजारच्या पंढरपुरात गेले. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळे आले आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला.

टिळकांची बाजू घेऊन मी काही झाकणार नाही. माणूस तापट. पैशाचा हिशेब जमायचा नाही, हातातले दुसऱ्याला देऊन टाकायचे आणि घरात चूल कशी पेटायची ते लक्ष्मीबाईंनी बघायचे. शिवाय आपल्या विश्वासाची किंमत त्यांनी बायकोला मोजायला लावली, हा आक्षेप कोणी घेतला तर तो खोटा म्हणता येणार नाही. पण पुढची गोष्ट बघा. लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांनी आपले सोवळे ठेवले, स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी ते ठेवू दिले. मी नवरा आहे, मी मस्तक आहे, तेव्हा चल मागोमाग, असा बडगा उगारला नाही. बाईंनी स्वतः बघितले, स्वतः विचार केला, जातिभेद मनातून कसा गेला ते स्वतःच्या शब्दांत लिहिले, आणि १९०० साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मधे पाच वर्षे गेली.

या पाच वर्षांत टिळकांनी स्वतःच्या चुकीची थोडीबहुत भरपाई केली, असे मी मानतो. जो विश्वास त्यांनी देवाची आज्ञा म्हणून स्वीकारला, तोच बायकोवर आपली आज्ञा म्हणून लादला नाही. फळ काय मिळाले? ज्या मुलीला लग्नानंतर नवऱ्याने लिहा-वाचायला शिकवले, तिने मराठीतले एक थोर आत्मचरित्र लिहिले. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्यांचा मुलगा देवदत्त याने पुरे केले. बापाने सुरू केलेले काम बायको आणि मुलगा आपखुशीने पुरे करतात, यापेक्षा कर्त्या पुरुषाची मोठी कमाई कोणती? धाक घालून असे काम करून घेता येत नाही.

आता ताईंच्या चार एकरांकडे येऊ. कारण नुसता उपदेश करून उठलो तर माझ्या पदवीला लाज.

बंधू, तुमच्याशी बोलतो. ताई हे वाचून दाखवतीलच. उसाला मी नाव ठेवत नाही. या भागातली घरे उसाने उभी केली. पण हिशेब बघा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात राहतो, सुरू ऊस बारा महिने. तोपर्यंत घरात पैसा नाही, कर्जाचे व्याज मात्र चालू. तुमचे गाव टोकाला. एक पाळी चुकली तर चारही एकर एकदमच सुकणार. शिवाय उसावर ऊस आणि पाण्यावर पाणी यांनी कालव्याकाठची किती तरी काळी रानं चोपण झाली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अडीच एकर ऊस, तोही ठिबकवर घ्या. एक एकर रब्बी ज्वारी, अर्धा एकर लसूणघास. ज्वारी चार महिन्यांत घरात धान्य देते आणि म्हशींना कडबा देते. घास वर्षभर दुधाला हात लावतो. पुढच्या वर्षी ज्वारीच्या जागी हरभरा घ्या, रानाला बेवड मिळेल. ताईंनी जे सुचवले ते कृषी विद्यापीठाचा माणूसही सुचवेल. त्यांनी ते पुस्तकातून काढले नाही. दूध काढणारी आणि कणगी बघणारी बाई आहे, तिला टोकाला काय लागते ते कळते.

घरात धान्य येण्याची किंमत बारामतीच्या जिरायत पट्ट्याला चांगली ठाऊक आहे. १९६० च्या दशकातल्या दुष्काळात तिथे चर्चच्या मदतीने पाझर तलावांची कामे निघाली आणि मजुरी गव्हाच्या रूपाने मिळाली. त्याच कामाच्या अनुभवातून पुढे १९७१ साली बारामतीचा कृषी विकास प्रतिष्ठान उभा राहिला. गहू डोक्यावरून थेट घरी जातो. रोख रकमेला वाटेत फाटे फुटतात. त्या दिवसांत मजुरी केलेली म्हातारी माणसे अजून भेटली तर विचारून बघा.

कर्ज काढायचेच असेल तर दोघांनी मिळून जा. बायकोची सही नुसती घेऊ नका. कागद वाचून दाखवा आणि मग सही घ्या. आणखी एक गोष्ट पुष्कळ ख्रिस्ती शेतकऱ्यांना माहीत नसते. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू नाही. १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर विधवेला एक तृतीयांश वाटा मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींत सारखे वाटले जाते. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. म्हणजे ज्या रानाबद्दल बायकोला गप्प बसवता, त्यात कायद्यानेही तिचा विचार केला आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची चळवळ केली तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून दिली. त्यात सगळ्या धर्मांची घरे होती की नव्हती याने फरक पडत नाही. ते काम आपल्या शास्त्राला धरूनच होते.

आणि ताई, तुम्हाला उत्तर. गप्प बसणे म्हणजे आज्ञापालन नव्हे. समोर खड्डा दिसत असताना न बोलणे ही मालकाची सेवा नव्हे. बोला, पण चार माणसांत नको. जेवण झाल्यावर, मुले झोपल्यावर, वही पुढे ठेवून बोला. आकडे मांडा. आणि कधी त्यांचे म्हणणे बरोबर निघाले तर तेही मोकळेपणाने मान्य करा, कारण एकमेकांच्या अधीन राहण्याची गोष्ट दोघांनाही सांगितलेली आहे. आमच्या घरी २००३ पासून दर रविवारी, उपासनेहून आल्यावर, ती वही निघते. अजून तीच पद्धत आहे. दोनदा मी तिचे ऐकले नाही आणि दोनदा पस्तावलो. एकदा तिने माझे ऐकले आणि दोघांचे नुकसान झाले. पण नंतर घरात बोलणे बंद झाले नाही.

असो. पत्राचे उत्तर लांबले. आता आपल्या नेहमीच्या कामाचे.

रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरका. हस्ताच्या पावसाची वाट बघत रान कोरडे होऊ देऊ नका. एकरी चार किलो बियाणे पुरते. काणी रोगासाठी किलोला चार ग्रॅम गंधक बियाण्याला चोळा. घरचे बियाणे असेल तर आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघा. हे काम घरातल्या पोरांना द्या. किती उगवले ते मोजायला त्यांना आवडते. सत्तरच्या खाली उगवले तर बियाणे बदला.

पुढच्या आठवड्यात लसूणघासाची लागवड.